गहू सोडण्याआधी

2022च्या सप्टेंबरमध्ये मी स्वतःच्या मनाने गहू बंद केला आणि तिथेच चुकलं. पोटाला बरं वाटायला लागलं, पण निदान नऊ महिने लांबलं. सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची शंका असलेल्या कुणाच्याही वाट्याला हा फेरा येऊ नये, म्हणून सुरुवातीलाच सांगते: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका. का, ते पुढे येईलच.

त्या वर्षीच्या मार्चपासून जिना चढताना मला धाप लागायची. हिमोग्लोबिन 8.2 आलं, शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन 4. दोन्ही खूपच कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने नेमाने घेऊन जूनमध्ये पुन्हा तपासलं, तर 8.6. "गोळ्या घेताय ना नक्की?" असं मला विचारलं गेलं, आणि त्या प्रश्नाने मी घरी येऊन रडले होते. एकही गोळी चुकवली नव्हती. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि माझा नेमका तोच भाग बिघडलेला होता, हे कळायला पुढे वर्ष जावं लागलं. गोळी पोटात जात होती, रक्तात पोचत नव्हती. त्याच काळात वरचेवर तोंड येत होतं, केस गळत होते, जेवल्यावर पोट डब्बं व्हायचं. प्रत्येक तक्रारीवर वेगळं औषध मिळालं आणि पोटासाठी "ताण कमी करा" हा सल्ला. या सगळ्या एकाच आजाराच्या खुणा असू शकतात असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने सुचवलं, "गहू सोडून बघ." सोडला. दहा-बारा दिवसांत पोट हलकं झालं, दुपारची ग्लानी कमी झाली. मला वाटलं, सापडलं कारण. पण हिमोग्लोबिन काही नऊच्या वर सरकेना, आणि "थोडासा गहू चालतो" अशा समजुतीत अधूनमधून बिस्किट, केकचा तुकडा सुरूच होता. शेवटी मार्च 2023मध्ये पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता गहू खाताय का?"

"नाही, सहा महिने झाले."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग समजावलं, तेही घाई न करता. सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. ज्यांना हा आजार आहे त्यांची प्रतिकारशक्ती ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याच्या स्वतःच्याच अस्तरावर उलटते. रक्ततपासणी शोधते त्या अँटीबॉडीज ग्लुटेन खाणाऱ्या माणसात तयार होतात. खाणं थांबलं की हळूहळू उतरतात. आतड्यातली इजाही भरून यायला लागते. म्हणजे आजार तसाच राहतो, पुरावा मात्र पुसट होतो.

तरी त्यांनी या अँटीबॉडीज मोजणारी टीटीजी-आयजीए ही तपासणी लिहून दिली आणि सोबत एकूण आयजीए. ही दुसरी तपासणी चिठ्ठीवर आहे ना, हे जरूर बघा. आयजीए हा अँटीबॉडीजचाच एक प्रकार. काही लोकांच्या रक्तात तो मुळातच कमी असतो, आणि तसं असेल तर आजार असूनही पहिली तपासणी नकारात्मक येऊ शकते. माझं एकूण आयजीए व्यवस्थित होतं, टीटीजी मात्र अगदी काठावर. ना होय, ना नाही. मग जनुकांची तपासणी झाली. रक्ताच्या तपासण्यांत सगळ्यात महाग हीच, आणि अहवालाला बारा दिवस लागले. सीलिॲकच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात डीक्यू2 किंवा डीक्यू8 या जनुकांपैकी एक तरी सापडतं, पण ते निरोगी लोकांतही तीस-चाळीस टक्क्यांत असतं. त्यामुळे ही तपासणी "आजार आहे" असं सांगत नाही, फार तर "नाही" एवढं सांगते. माझ्यात डीक्यू2 निघालं. दार बंद झालं नाही.

आता एकच मार्ग होता: पुन्हा गहू खायचा. रोज, किमान दोन वेळच्या जेवणात, सहा आठवडे.

20 मार्चला सुरुवात केली. चौथ्या दिवशी पोट फुगलं ते पुढचे दोन महिने उतरलंच नाही. तोंड आलं. सगळ्यात वाईट होतं ते डोकं. एक साधं ईमेल लिहायला बसले की मधेच शब्द हरवायचे. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. रात्री गोष्ट सांगताना मी एकच वाक्य दोनदा म्हणायचे आणि ती हळूच म्हणायची, "आई, हे झालं." आपल्याला बाधतंय हे माहीत असलेला घास रोज स्वतःच्या हाताने तोंडात घालायचा, ही शिक्षा विचित्र आहे. कुणाला हे करावं लागलं तर दोन गोष्टी सांगेन. रोज काय खाल्लं आणि काय झालं ते दोन ओळींत तारखेसकट लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो आणि आपल्यालाही धीर येतो. आणि एन्डोस्कोपीची, म्हणजे तोंडातून नळी घालून आतडं बघण्याच्या तपासणीची, तारीख पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. मी रक्ताचा अहवाल आल्यावर मागितली, तर पुढचे तीन आठवडे भरलेले होते, आणि ते तीन आठवडेही गहू खातच काढावे लागले.

मेच्या सुरुवातीला टीटीजी पुन्हा केली. सामान्य मर्यादेच्या पाचपट. अहवालातला तो ठळक छापलेला आकडा बघून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

एन्डोस्कोपी 24 मे रोजी झाली. सहा तास उपाशीपोटी जायचं, संमतीपत्रावर सह्या करायच्या, चालू औषधांची यादी द्यायची. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते आधी सांगायलाच हवं. घशात कडवट फवारा मारतात, घसा बधिर होतो, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवतात. मी झोपेचं इंजेक्शन घेतलं होतं, त्यामुळे सोबत माणूस लागला आणि त्या दिवशी गाडी चालवायची नव्हती. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. दुखलं नाही, नंतर दिवसभर घसा खवखवला एवढंच. आतड्यातली इजा सलग नसते, ठिगळांसारखी असते, म्हणून तपासणीसाठी अस्तराचे एकदोन तुकडे घेऊन भागत नाही. माझे सहा घेतले: दोन अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून, चार त्याच्या पुढून. "किती तुकडे घेणार?" हे आधी विचारण्यात काही गैर नाही. आणि एक हिशेबाची गोष्ट: त्या तुकड्यांच्या तपासणीचं बिल प्रयोगशाळा वेगळं करते. विम्याची परवानगी घेताना मी फक्त एन्डोस्कोपी लिहिली होती, त्यामुळे दुसऱ्या बिलासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा डॉक्टरांचं पत्र, आणि पाच आठवडे वाट. दोन्ही एकाच अर्जात लिहा.

अहवाल 2 जूनला आला. मार्श 3बी, म्हणजे आतड्याच्या इजेची बरीच वरची पायरी. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. माझे बरेचसे झिजून सपाट झाले होते. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली. निरोगी आतडं मखमलीसारखं, माझं घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या गालिच्यासारखं.

"औषध?" मी विचारलं.

"नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद. पूर्ण बंद."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून या आजाराविषयी वाचत बसले. गहू हेच कारण आहे, हे सापडायला किती काळ गेला! सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनी 1888मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं होतं आणि उपाय आहारातच सापडेल असंही लिहिलं होतं, पण नेमकं काय वगळायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि सगळीकडे उपासमार चालू असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला. त्याआधी कित्येक मुलं यात दगावली असतील. हे वाचून माझ्या तक्रारी संपल्या नाहीत, पण मला निदान नाव ठाऊक होतं आणि वाट ठाऊक होती, याचं मोल त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी घरच्यांना समजावायला बसले. शब्दांनी जमेना. आई म्हणाली, "अगं, पूर्ण कशाला? चवीपुरतं खाल्लं तर काय होतंय?" मग मी ब्रेडचा एक काप वर्तमानपत्रावर ठेवला. त्यात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला दहा मिलिग्रामच्या आसपासच निभावतं असं मानतात. पन्नास मिलिग्राम रोज पोटात गेलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा दिसू लागते. दहा मिलिग्राम म्हणजे त्या कापाचा दोनशेवा भाग. सुरीने काप अर्धा केला, त्याचा अर्धा, त्याचा अर्धा. सातव्यांदा कापल्यावर सुरीच्या टोकावर फक्त चुरा उरला, बोटाला चिकटेल एवढा. "अजून अर्धा करायचाय," मी म्हटलं. आईने तो कागद चारही कडांनी अलगद उचलून गुंडाळला आणि बाहेर नेऊन टाकला. परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि डबे खाली काढायला लागली.

त्या आवराआवरीत मला सर्वांत जास्त आठवते ती चाळणी. स्वच्छ घासून ठेवलेली, वर्षानुवर्षं वापरातली. उन्हात धरून कडेच्या दुमडीत जुना दातांचा ब्रश फिरवला, तर जाळी आणि पत्र्याच्या सांध्यातून पिठाचा पांढरा धूर निघाला. तीनदा धुऊनही निघतच राहिला. चाळणी माझ्यासाठी बाद झाली. लाकडी पळ्या आणि लाटणं बाद, कारण लाकडाच्या चिरांत पीठ बसतं. टोस्टर बाद. स्टीलची आणि काचेची भांडी मात्र साबणाने नीट घासली की चालतात, ती टाकायची गरज नाही. लोणी-जॅमच्या बाटलीत ब्रेडला लागलेली सुरी परत जाते, म्हणून माझी बाटली वेगळी. उष्णतेने ग्लुटेन मरत नाही, त्यामुळे "तळलंय, भाजलंय, आता काही होत नाही" हे खरं नाही. तळणीचं तेलही वेगळं लागतं. आईने माझ्या पळ्यांना लाल दोरा बांधला आणि एक कप्पा माझ्या नावाचा केला. आम्ही घर संपूर्ण ग्लुटेनमुक्त केलं नाही. मुलीने आणि नवऱ्याने सगळं सोडावं असं मला वाटत नव्हतं. नियम एवढाच ठेवला की माझं आधी शिजतं, आणि ओटा पुसूनच.

खायला काय उरलं? खरं तर पुष्कळ. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, डाळी, बटाटे, भाज्या, फळं, अंडी, मासे, दूध, दाणे. अडचण धान्याची नसून त्याच्या प्रवासाची असते. ज्या जात्यावर गहू दळला त्याच जात्यावर ज्वारी दळली की ती माझी राहिली नाही. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून मी घरीच दळते, निदान मिक्सरवर. ओट्समध्ये मूळचं ग्लुटेन नसतं पण भेसळ फार होते. मी पहिलं वर्षभर लांब राहिले, नंतर डॉक्टरांना विचारून प्रमाणित शुद्ध ओट्स थोडे थोडे सुरू केले. ग्लुटेन नसलेलं पीठ ताणलं जात नाही, तुटतं. कडकडीत पाण्यात भिजवून झाकून ठेवलं, चमचाभर इसबगोल घातलं, की आवरतं. पहिले दोन महिने माझ्या हातून एकही भाकरी धड गोल निघाली नाही आणि मी पीठ तसंच टाकून ओट्यापाशी उभी राहून रडलेय. नंतर हात बसला.

तयार "ग्लुटेन-फ्री" पाकिटं साध्यापेक्षा कितीतरी महाग असतात आणि बऱ्याच पाकिटांत तंतू कमी, साखर-चरबी जास्त. आहारतज्ज्ञांनी ती सणासुदीपुरती ठेवायला सांगितली, ते बरं झालं. पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रामपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाचा निकष आहे. "व्हीट-फ्री" म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे. त्यात जव असू शकतं. हा धडा मी महागात शिकले, पुढे सांगते.

पहिल्या तीन आठवड्यांत सतत भूक लागायची. रात्री दोनला उठून मी भात खाल्लाय. ते बरं होत असल्याचं लक्षण असू शकतं असं आहारतज्ज्ञ म्हणाल्या. दुधाने पोट दुखायचं. दूध पचवणारं विकर त्याच झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकांवर असतं, म्हणून दोन महिने दूध बंद ठेवलं, मग हळूहळू परत सुरू झालं. आता काही होत नाही. हाडांची डेक्सा तपासणी झाली, कण्याचा टी-स्कोअर उणे 1.8; ठिसूळपणाच्या अलीकडची पायरी. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं सुरू केलं. निदान झाल्यावर ही तपासणी, बी12, फोलेट आणि थायरॉइड यांविषयी डॉक्टरांना आपणहून विचारा.

जेवणापेक्षा जड गेली ती माणसं. प्रेमाने वाढणाऱ्या हाताला नाही म्हणणं फार अवघड आहे. एका घरच्या समारंभात जवळच्या काकूंनी माझ्यासाठी मुद्दाम तांदळाचा पदार्थ केला होता, आणि तो ढवळला होता सगळ्यांच्याच डावाने. विचारलं तर त्यांचं मन दुखणार, न विचारलं तर माझं पोट. मी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला घरी येईपर्यंत अपराधी वाटत राहिलं. पण पुढच्या वेळी त्यांनीच आदल्या दिवशी फोन केला: "भांडं कुठलं घेऊ ते सांग." तेव्हापासून मी आमंत्रण आलं की दोन दिवस आधी स्वतःच फोन करते आणि डबा सोबत नेते. डबा उघडताना आता मान खाली जात नाही. डॉक्टरांकडून निदानाचं एक पानी पत्र घेऊन फोनमध्ये ठेवलंय; रुग्णालयात भरती होताना, ऑफिसच्या उपाहारगृहात, प्रवासात ते दाखवलं की प्रश्न कमी होतात. विमानाचं तिकीट काढल्यावर जीएफएमएल या संकेताचं जेवण निदान दोन दिवस आधी नोंदवायचं. तरी पिशवीत फळं आणि दाणे असतातच. औषधाच्या दुकानातही नव्या गोळीत कुठला स्टार्च आहे ते विचारते.

डिसेंबर 2023. सहा महिने झाले. हिमोग्लोबिन 11.4! टीटीजी मात्र उतरून मर्यादेच्या दुपटीवर अडकलेली. मी इतकं जपत होते, मग कुठून? आहारतज्ज्ञांनी आठवडाभराची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगितली. त्यांनी एकेक उलटून वाचली आणि न्याहारीच्या मक्याच्या पोह्यांचं पाकीट बाजूला काढलं. मका म्हणून मी निर्धास्त रोज खात होते. घटकांच्या यादीत बारीक अक्षरात होतं: माल्ट एक्स्ट्रॅक्ट. माल्ट म्हणजे बहुधा जवाचं. मी सहा महिने फक्त "गहू" हा शब्द शोधत होते. रवा, दलिया, माल्ट, सोया सॉस हे सगळे शब्द त्या दिवशी कागदावर लिहून पैशांच्या पाकिटात ठेवले. जून 2024मध्ये टीटीजी सामान्य आली. 2025च्या जूनमध्ये पुन्हा एन्डोस्कोपी केली, आणि पडद्यावर मखमल दिसली. पेशींची थोडी गर्दी अजून आहे, मार्श 1, पण उंचवटे परत आलेत.

एक गोष्ट मी लांबणीवर टाकली होती. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणून त्यांचीही तपासणी करायची असते. आई आणि मुलगी यांची नकारात्मक आली. मुलीची आता ठरावीक काळाने करत राहू. धाकटी बहीण टाळत होती. "ताई, मला काहीच होत नाही गं. सगळं पचतं मला." मी तिच्या मागे लागले, आणि एकच विनवलं की तोपर्यंत काहीही सोडू नकोस, खात राहा. टीटीजी वाढलेली निघाली. एन्डोस्कोपी, अहवाल, निदान, सगळं पाच आठवड्यांत.

ती फोनवर खूप वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी चाळणीची गोष्ट परत सांग." सांगितली.

परवा तिचा दुकानातून फोन आला. मागे ट्रॉल्यांचा आवाज.

"ताई, पुढे 'व्हीट-फ्री' लिहिलंय. मागे बारीक अक्षरात माल्ट एक्स्ट्रॅक्ट."

"मग?"

"ठेवलं परत," ती म्हणाली. "आता दुसरं वाचते, थांब, फोन ठेवू नकोस."